सॅटर्न घ्यायची तर आधी डिपस्टिक काढा

तुमच्या पत्राचा सारांश आधी देतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचे मामा १९९६ साली नोकरीसाठी अमेरिकेत आले आणि त्यांनी घेतलेली पहिली गाडी सॅटर्न होती. आजही तिचं नाव निघालं की ते हळवे होतात. आता तुमच्या शेजारच्या आजीबाई त्यांची २००१ ची सॅटर्न एसएल-२ विकायला काढतायत. ऑटोमॅटिक, ९२ हजार मैल, सांगतायत १,८०० डॉलर. तुमचे प्रश्न तीन: एवढी लाडकी गाडी होती तर कंपनी बंद का पडली, मालकांचे अनुभव खरंच इतके चांगले होते का, आणि ही गाडी घ्यावी का.

माझी ओळख दोन वाक्यांत. पुण्यात एका गॅरेजात पद्मिनी उघडत शिकलो, १९९७ ला ओहायोत आलो आणि तेव्हापासून इथे हेच काम करतोय. सॅटर्न मी कधी विकली नाही आणि त्या कंपनीत नोकरीही केली नाही. मी ती फक्त खालून पाहिली, लिफ्टवर चढवून. गाडी खालून पाहणाऱ्याचं मत आणि स्टिअरिंगवर बसणाऱ्याचं मत कधीच एक नसतं, पण सॅटर्नइतकी मोठी तफावत मला दुसऱ्या कुठल्या गाडीत दिसली नाही. मालक गाडीच्या प्रेमात, आणि मी खाली हात पुसत उभा.

जपानी गाड्यांनी अमेरिकेत पाय रोवले ते सत्तरच्या दशकात. पेट्रोल महागलं, लोकांना लहान गाडी हवी झाली आणि लहान गाडी फायद्यात बनवायची कशी हे डेट्रॉइटला, म्हणजे तिथल्या अमेरिकन गाडी कंपन्यांना, येईना. जनरल मोटर्समध्ये १९८२ च्या सुमाराला यावर एक वेगळा प्रकल्प सुरू झाला, आणि ७ जानेवारी १९८५ ला अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी सॅटर्न कॉर्पोरेशन नावाची स्वतंत्र उपकंपनी जाहीर केली. आकडा सांगितला पाच अब्ज डॉलर. नाव घेतलं ते चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटवरून. त्या शर्यतीत अमेरिकेने रशियाला मागे टाकलं होतं, इथे जपानला टाकायचं होतं.

कारखान्यासाठी राज्याराज्यांत चढाओढ लागली. शेवटी जागा मिळाली टेनेसीतल्या स्प्रिंग हिलला. नॅशव्हिलच्या दक्षिणेला हजार-दीड हजार वस्तीचं गाव, घोड्यांचे फार्म आणि मक्याची शेतं. इंजिन, गिअरबॉक्स, ओतकाम, प्लास्टिकचे भाग आणि जोडणी, सगळं एकाच आवारात. कामगार संघटनेशी केलेला करार तीसच्या आत पानांचा होता. जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांतला करार म्हणजे जाडजूड ठोकळा असायचा. कामगारांच्या लहान लहान टोळ्या, प्रत्येक टोळीला स्वतःचे निर्णय, आणि पगाराचा काही भाग गुणवत्ता आणि उत्पादनावर अवलंबून. काही चुकलं तर लाईन थांबवायचा अधिकार साध्या कामगाराला. आज हे ऐकून कुणी दचकणार नाही, पण त्या काळच्या डेट्रॉइटमध्ये हे बोलणं म्हणजे सासूसमोर सुनेने पायावर पाय टाकून बसण्यासारखं होतं.

३० जुलै १९९० ला पहिली गाडी लाईनवरून उतरली. ती चालवत आणली रॉजर स्मिथ आणि संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर यांनी, एकाच गाडीत बसून. दुसऱ्या दिवशी स्मिथ निवृत्त झाले. पुढे जे झालं त्यात मला या तारखेचा हात मोठा वाटतो. ज्याचं हे अपत्य होतं तोच माणूस बारशाच्या दुसऱ्या दिवशी घर सोडून गेला, आणि घरात उरले ते काका-काकू. शेव्हरोले, पॉन्टिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, म्हणजे जनरल मोटर्सचेच जुने ब्रँड. हे पाच अब्ज आपल्या ताटातून गेले, असा त्यांचा राग होता.

आता गाडीकडे येऊ. पहिली पिढी म्हणजे एस मालिका: एसएल ही चार दारी सेडान, एससी दोन दारी कूपे, आणि १९९३ पासून एसडब्ल्यू ही वॅगन. इंजिन सगळ्यांना १.९ लिटरचं, चार सिलिंडर. सिंगल कॅमचं इंजिन (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅम, एकच) आधी ८५ अश्वशक्तीचं होतं, नंतर १०० चं झालं. ट्विन कॅमचं १२४ चं. तुमच्या आजीबाईंच्या गाडीत हे दुसरं आहे. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला, बेल्ट नव्हे, चेन. हायवेला मॅन्युअल गिअरची सिंगल कॅम गाडी गॅलनला चाळीस मैलांच्या आसपास अ‍ॅव्हरेज द्यायची. पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड आकडा नाही.

इंजिनचा ब्लॉक (सिलिंडर असतात तो भाग) आणि त्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचे, आणि ते ओतायची पद्धत मला आजही आवडते. आपले ओतारी मेणाची मूर्ती करून, तिच्यावर माती लिंपून, मेण वितळवून त्या जागी धातू ओततात ना, तोच विचार. इथे मेणाऐवजी थर्माकोल. थर्माकोलचा पूर्ण ब्लॉक तयार करायचा, वाळूत पुरायचा आणि त्यावर वितळलेला धातू ओतायचा. थर्माकोल जळून जातो, त्याची जागा धातू घेतो. कधी सॅटर्नचं इंजिन उघडं मिळालं तर ब्लॉकवरून बोट फिरवा. थर्माकोलच्या दाण्यांची नक्षी हाताला लागते, साबुदाण्याच्या पापडासारखी. मी नव्या पोराला पहिल्या दिवशी हे दाखवतो.

दारं, मडगार्ड आणि बंपर प्लास्टिकचे, आतल्या पोलादी सांगाड्यावर बोल्टने बसवलेले. बोनेट, छत आणि डिकीचं झाकण मात्र पत्र्याचं. पार्किंगमध्ये शेजारच्याने दार उघडून ठोकलं तरी डेंट नाही. शोरूममध्ये विक्रेते ग्राहकाला दारावर लाथ मारून बघायला सांगायचे आणि लहान मुलं ते काम आवडीने करायची. मी गारपिटीनंतर गॅरेजात आलेली सॅटर्न पाहिलीय: बोनेट आणि छतावर पोहे पसरल्यासारखे खड्डे, आणि दारं नवी कोरी. जणू दोन वेगवेगळ्या गाड्या जोडल्यात. पण प्लास्टिक उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, म्हणून दोन भागांमधल्या फटी मुद्दाम रुंद ठेवलेल्या. होंडाच्या शेजारी उभी केली की या फटी डोळ्यांत यायच्या. आणि उणे वीस अंशांत जोरात ठोकर बसली तर डेंट येत नसे हे खरं, सरळ तडा जायचा.

चालवायला कशी? प्रामाणिक सांगायचं तर बेताची. इंजिन चार हजार आरपीएमच्या पुढे मिक्सरसारखं ओरडायचं. सुरुवातीच्या गाड्यांत तर आवाज आणि थरथर इतकी की परीक्षकांनी त्यावर झोड उठवली होती. सीटा पातळ, डॅशबोर्ड साधा. त्याच किमतीत सिव्हिक किंवा कोरोला गाडी म्हणून सरस होती, हे मी मामांच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

मग मामा हळवे का होतात? उत्तर शोरूममध्ये आहे.

अमेरिकेत गाडी घ्यायची म्हणजे त्या काळी, आणि बऱ्याच ठिकाणी आजही, अर्ध्या दिवसाची कुस्ती. विक्रेता एक भाव सांगणार, तुम्ही दुसरा. तो "साहेबांना विचारून येतो" म्हणून काचेच्या खोलीत जाणार, वीस मिनिटांनी तोंड पाडून परत येणार. इंग्रजी नवीन, क्रेडिट हिस्ट्री शून्य, देशात येऊन दोन महिने झालेले. अशा माणसाची तिथे काय अवस्था होत असेल ते मामांना विचारा. मी स्वतः अशा एका शोरूममध्ये चार तास बसून, गरज नसलेली वॉरंटी विकत घेऊन बाहेर पडलोय.

सॅटर्नच्या दुकानात किंमत चिकटवलेली असायची आणि तीच किंमत. कमी नाही, जास्त नाही. आपल्या पुण्यातल्या दुकानांत 'एकच भाव' ही पाटी असते ना, तशीच. फरक एवढाच की पुण्यात ती पाटी ग्राहकाला गप्प करायला असते, इथे ती विक्रेत्याला गप्प करायला होती. डॉक्टर असो, प्लंबर असो की कालच विमानातून उतरलेला प्रोग्रॅमर, सगळ्यांना त्याच दाराने आत आणि त्याच भावाने बाहेर. वर, तीस दिवसांत किंवा दीड हजार मैलांच्या आत गाडी आवडली नाही तर परत करायची मुभा. गाडी ताब्यात देताना दुकानातले सगळे, मेकॅनिकसुद्धा, काम टाकून गाडीभोवती जमायचे, टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे. अमेरिकन लोकांना ते थोडं बालिश वाटायचं. आपल्याकडे नव्या गाडीला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून, पेढे वाटायची रीत. त्यामुळे माझ्या ओळखीच्या कुठल्याच मराठी घराला ते विचित्र वाटलं नाही. उलट परक्या देशात कुणीतरी आपल्या गाडीचं कौतुक केलं याचंच अप्रूप. तेव्हाच्या फोटोंत नारळ हातात घेऊन गोंधळलेला गोरा विक्रेता मी दोन घरांत तरी पाहिलाय.

याचे परिणाम आकड्यांत दिसले. नव्वदच्या दशकात ग्राहक समाधानाच्या पाहण्यांत ही स्वस्तातली गाडी लेक्सस आणि इन्फिनिटी या महागड्या नावांच्या पाठोपाठ तिसरी यायची. १९९४ साली २ लाख ८६ हजार गाड्या विकल्या गेल्या, तो त्यांचा कळस. त्याच वर्षी जून महिन्यात कंपनीने मालकांना कारखाना बघायला बोलावलं आणि चाळीस हजारांहून जास्त माणसं स्वखर्चाने, आपापली सॅटर्न चालवत, त्या लहानशा गावात पोचली. पंढरीला जातात तशी. कुणाच्या टोयोटासाठी कोण इतकं लांब गेलं असतं?

चुका झाल्या तेव्हाही ते वेगळे वागले. १९९१ साली काही गाड्यांत चुकीच्या मिश्रणाचं कूलंट भरलं गेलं, जे अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आतून खाऊ शकत होतं. अशा अठराशेच्या वर गाड्या होत्या. इंजिन बदलून देण्याऐवजी कंपनीने ग्राहकांना अख्ख्या नव्या गाड्या दिल्या. १९९३ मध्ये अल्टरनेटरच्या वायरिंगमधून आग लागायचा धोका निघाला आणि साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. काही डीलरांनी त्या दिवशी दुकानाच्या अंगणात बार्बेक्यू लावले. वायर बदलून होईपर्यंत ग्राहक कणसं खात बसलेले. एवढा मोठा रिकॉल आणि लोक खूश होऊन घरी गेले.

आता मी खाली उभा राहून काय पाहायचो ते सांगतो.

हे १.९ चं इंजिन ऑईल खातं. सगळी नाही, पण इतकी, की गॅरेजात सॅटर्न आली की आम्ही तक्रार ऐकायच्या आधी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढायचो. कारण पिस्टनमध्ये आहे. पिस्टनला सर्वांत खाली जी ऑईल रिंग असते, ती सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल खरवडते, आणि ते ऑईल परत खाली जायला रिंगच्या खाचेत भोकं ठेवतात. सॅटर्नच्या पिस्टनला ही परतीची वाट पुरेशी नाही. खरवडलेलं ऑईल खाचेतच तापतं, करपतं, त्याचा कोळसा होतो, आणि रिंग त्या कोळशात रुतून बसते. मग ती खरवडायचं सोडून देते आणि ऑईल वर जाऊन जळतं. मी उघडलेल्या एका इंजिनात रिंग इतकी घट्ट बसली होती की नखाने सोडा, पक्कडीनेही हलेना. कढईच्या बुडाला वर्षानुवर्षं साठलेली काजळी असते ना, तशी तकतकीत काळी पूड.

फक्त ऑईल जळण्यावर भागलं असतं तर वांधा नव्हता. इंजिनात एकूण ऑईल बसतं चार क्वार्ट, म्हणजे जवळजवळ चार लिटर. हजार मैलांत एक क्वार्ट संपणाऱ्या गाडीत तीन हजार मैलांनी काय उरतं, ते तुम्हीच मोजा. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. ऑईल कमी, दाब कमी, चेन सैल, एक दिवस ती दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिन खलास. म्हणजे जे इंजिन दोन-अडीच लाख मैल आरामात जातं, ते डिपस्टिक न बघणाऱ्याच्या हातात एक लाखाला मरतं. आणि सॅटर्नचा ग्राहकवर्गच असा की गाड्यांची फारशी आवड नसलेली, "चालते ना, मग बस" म्हणणारी सज्जन माणसं. जिची डिपस्टिक सतत पाहावी अशी गाडी, आणि ज्यांना डिपस्टिक कुठे असते हेच माहीत नाही असे मालक.

दुसरी गोष्ट कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची. इथे माझीच फजिती झाली होती. ओहायोत आल्यानंतरच्या पहिल्या वर्षी एक एसएल-१ आली. अ‍ॅव्हरेज पडलेलं, गरम झाल्यावर स्टार्ट होईना, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. मी प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, दोन दिवस घातले. शेवटी आमचा म्हातारा फोरमन आला, हेडच्या कडेचं एक कनेक्टर ओढून माझ्यासमोर धरलं. आत हिरवी बुरशी, तांब्याच्या भांड्यावर चिंच न लावता ठेवल्यावर येते तशी. त्या सेन्सरचं टोक प्लास्टिकचं असतं, त्याला चीर जाते, कूलंट झिरपून कनेक्टरच्या पिना खातं आणि कॉम्प्युटरला वाटतं की इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल ओततच राहतो. पितळी टोकाचा सेन्सर घालायचा, जोडीला नवं कनेक्टर, वीस मिनिटांचं काम. त्यानंतर मी सॅटर्नचं बोनेट उघडलं की ते कनेक्टर आधी ओढतो.

सिंगल कॅमच्या काही वर्षांच्या हेडना कॅमच्या बैठकीपाशी चीर जाते आणि कूलंट ऑईलमध्ये मिसळतं. तुमची ट्विन कॅम आहे, तेव्हा ते सोडा. गिअरबॉक्सबद्दल मात्र थोडं. सॅटर्नचा ऑटोमॅटिक आतून मॅन्युअलसारखा, समांतर दांड्यांचा, होंडाच्या धर्तीचा. त्याचा फिल्टर इंजिनच्या ऑईल फिल्टरसारखा बाहेरून फिरवून काढता येतो. अमेरिकन ऑटोमॅटिकचा फिल्टर बदलायला तेल अंगावर सांडत पॅन उतरवणाऱ्या माझ्यासारख्याला हा दागिना वाटला. त्याचा नेहमीचा रोग म्हणजे रिव्हर्स टाकल्यावर उशिराने आणि धाडकन पडणं. कारण व्हॉल्व्ह बॉडीची, म्हणजे गिअरकडे तेलाचा दाब वळवणाऱ्या भागाची, झीज. पाठीत गुद्दा बसल्यासारखं वाटतं.

तर बंद का पडली? गाडीतल्या दोषांमुळे नाही. त्यापेक्षा वाईट गाड्या विकून कंपन्या जगल्यात. सॅटर्नला उपाशी ठेवलं गेलं. १९९१ मॉडेलचा सांगाडा आणि इंजिन २००२ पर्यंत, वरचे कपडे बदलत, तेच राहिलं. मामांच्या पिढीतल्या लोकांना मुलं झाली, पगार वाढले, मोठी गाडी हवी झाली आणि सॅटर्नकडे द्यायला काहीच नव्हतं. ज्यांना पुढची गाडीही सॅटर्नच घ्यायची होती ते होंडाच्या दुकानात गेले. तुमच्या मामांनीही दुसरी गाडी कॅमरी किंवा अकॉर्ड घेतली असणार, पैज लावा.

मोठी सेडान आली ती थेट २००० सालच्या मॉडेलला, एल मालिका. ती ओपेल व्हेक्ट्रावर बेतलेली आणि स्प्रिंग हिलला नव्हे, डेलावेरमधल्या विल्मिंग्टनला बनणारी. मग व्ह्यू ही एसयूव्ही आणि एस मालिकेच्या जागी आयन. आयनचं स्पीडोमीटर त्यांनी डॅशबोर्डच्या मध्यभागी बसवलं, का ते देव जाणे. २००४ पासून व्ह्यूच्या मोठ्या इंजिनाच्या मॉडेलमध्ये चक्क होंडाचं ३.५ लिटर व्ही-६ बसायला लागलं. होंडाला हरवायला काढलेल्या कंपनीच्या पोटात होंडाचं इंजिन! मेकॅनिक म्हणून सांगतो, सगळ्या सॅटर्नमध्ये मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. फक्त त्या इंजिनाला चेन नसून बेल्ट आहे, तो एक लाख मैलांच्या आसपास बदलायचा.

स्प्रिंग हिलमधला तो वेगळा कामगार करारही हळूहळू विरला आणि २००३ च्या अखेरीस कामगारांनी मतदान करून बाकी कारखान्यांसारखा नेहमीचा करार पत्करला. नंतरच्या सॅटर्न म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्यांवर चिकटवलेलं नाव: रिले ही व्हॅन, आउटलुक ही मोठी एसयूव्ही, बेल्जियमहून येणारी अ‍ॅस्ट्रा. आपल्याला हा प्रकार नवा नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात क्रायस्लरची एकच गाडी डॉज किंग्जवे, प्लिमथ सव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा तीन नावांनी निघायची; नावाच्या पट्ट्या आणि थोडी चकाकी वेगळी. तिथे ते चाललं, कारण ग्राहकाला पर्याय नव्हता. इथे सॅटर्नची सगळी पुण्याई 'आम्ही वेगळे आहोत' या शब्दावर उभी होती. प्लास्टिकची दारं २००७ नंतर गेली, त्याच वर्षी स्प्रिंग हिलमध्ये सॅटर्न बनणं थांबलं. वाईट याचं वाटतं की शेवटच्या काही गाड्या खरोखर चांगल्या होत्या. ऑरा २००७ साली उत्तर अमेरिकेतली त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरली. पण तोवर दुकानात यायचं कारण लोक विसरले होते.

२००९ ला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. उद्योजक रॉजर पेन्स्के यांच्या कंपनीने जून महिन्यात सॅटर्न विकत घ्यायची तयारी दाखवली. त्यांची कल्पना अशी की दुकानं आणि नाव आपलं, गाड्या दुसऱ्या कुणाकडून बनवून घ्यायच्या. सुरुवातीला जनरल मोटर्स बनवणार होती, नंतर एक परदेशी कंपनी. त्या कंपनीच्या संचालक मंडळाने नकार दिला आणि ३० सप्टेंबर २००९ ला बोलणी फिसकटली. साडेतीनशेच्या आसपास डीलर एका संध्याकाळी पोरके झाले. २०१० मध्ये दुकानं बंद झाली. पेन्स्केंचा अंदाज मात्र बरोबर होता असं मला वाटतं. सॅटर्नकडे विकण्यासारखं जे होतं ते दुकान होतं, गाडी नव्हे.

एक गंमत मध्येच. जनरल मोटर्सची ईव्ही-१ ही विजेवर चालणारी गाडी १९९६ पासून लोकांना भाड्याने मिळायची ती सॅटर्नच्या दुकानांतून, कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनात. आणि उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या सॅटर्नही निघाल्या: काही जपानला गेल्या, काही वॅगन इथल्या ग्रामीण टपालवाल्यांना, रस्त्याकडेच्या पेट्यांत खिडकीतूनच पत्रं टाकता यावीत म्हणून. तशी एक आमच्याकडे यायची. तिच्यात बसलं की क्षणभर कर्वे रोडवर असल्यासारखं वाटायचं, आणि मग समोरून ट्रक आला की जीव घशात.

मालकांचे अनुभव एका वाक्यात मावणार नाहीत, कारण 'सॅटर्न मालक' म्हणजे दोन वेगळ्या जाती. १९९१ ते २००२ ची एस मालिका घेतलेले लोक तिच्याबद्दल जुन्या शाळामास्तरांबद्दल बोलावं तसं बोलतात: कडक होती, आवाज मोठा होता, पण शिकवलं. नंतरचे तसे नाहीत. सुरुवातीच्या व्ह्यू आणि आयन कूपेमध्ये आलेल्या सीव्हीटी (ठरावीक टप्पे नसलेल्या) गिअरबॉक्सने इतका त्रास दिला की कंपनीला त्याची वॉरंटी वाढवावी लागली. आयन तर २०१४ च्या इग्निशन स्विचच्या मोठ्या रिकॉलमध्ये होती: चावी जड असली किंवा गुडघा लागला की स्विच फिरून धावती गाडी बंद पडायची, आणि अपघातात एअरबॅग उघडायच्या नाहीत. त्या रिकॉलमधली सगळी मॉडेल मिळून १२४ मृत्यू जनरल मोटर्सच्या भरपाई निधीने मान्य केले. कुणी आयन देत असेल तर हे काम झालंय का, हे व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकावरून, तपासल्याशिवाय हात लावू नका.

आता आजीबाईंची एसएल-२. सकाळी जा, गाडी गार असताना, आणि आधीच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. सपाट जागेवर डिपस्टिक ओढा. ऑईल खुणेवर असेल तर आजीबाईंना विचारा, शेवटचं कधी भरलं आणि मध्ये वरून टाकावं लागतं का. "मला काय माहीत, दुकानवाला बघतो" असं उत्तर आलं तर दुकानवाल्याची बिलं मागा. ऑईल खुणेच्या खाली असेल तर स्टार्ट करा आणि इंजिनच्या चेनच्या बाजूला कान द्या. ज्या टोकाला बेल्ट फिरतो, त्याच टोकाला आत चेन असते. साखळी खुळखुळल्यासारखा आवाज दोन-तीन सेकंदांत थांबला तर ठीक. चालूच राहिला तर नमस्कार करून घरी या, फुकट देत असतील तरी.

मग हायवेवर न्या. साठच्या वेगाने जाताना पाय पूर्ण सोडा, उतारावर थोडं जाऊ द्या आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबा. मागच्या आरशात निळा धूर दिसला तर रिंगा रुतल्यात. यावर इलाज म्हणजे प्लगच्या भोकातून सॉल्व्हंट ओतून रात्रभर मुरत ठेवणं. काही गाड्यांत फरक पडतो, काहींत ढिम्म नाही. पिस्टन उतरवून खाचेत भोकं पाडणारे हौशी लोक आहेत, पण १,८०० डॉलरच्या गाडीवर तो खर्च बसत नाही. त्यापेक्षा डिकीत ऑईलच्या दोन बाटल्या ठेवा आणि दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक पाहा. परत येऊन थांबलात की ब्रेक दाबून रिव्हर्स टाका: धाडकन बसली तर भाव दोनशेने पाडा. डी मध्ये उभी असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर घाबरू नका, इंजिनच्या वरचं माउंटिंग गेलेलं असतं, स्वस्त आहे.

आणि खाली वाका. प्लास्टिकची दारं गंजत नाहीत, म्हणून पंचवीस वर्षांची सॅटर्न बाहेरून तरुण दिसते. आतला सांगाडा पोलादी आहे आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्याने तो गंजतो. ब्रेकच्या नळ्या, पुढची सबफ्रेम आणि मागच्या चाकांजवळचा भाग टॉर्चने बघा, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा पापडासारखा मोडला तर गाडी सुंदर असली तरी सोडा. इंजिनाचे भाग अजून मिळतात. दारं, मडगार्ड स्क्रॅपयार्डात शोधावे लागतील आणि तुमच्या रंगाचं मिळालं तर नशीब. पण ते बोल्टने बसतात, एका दुपारी घरच्या अंगणात बदलता येतात.

सगळं ठीक निघालं तर चौदाशे-पंधराशेपर्यंत घ्या, वर्षा-दोन वर्षांची ये-जा निभावेल. मामांना सोबत न्या, त्यांना एक फेरी मारू द्या. फक्त भावाचं बोलणं निघेल तेव्हा त्यांना गाडीत बसवून ठेवा. सॅटर्न घेतलेला माणूस आहे, आजीबाईंनी १,८०० म्हटलं की पाकीट काढेल.